दम आणि दमा : राज्याच्या क्रीडा आयुक्तांना वळसंगहून खुलं पत्र

मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
म्हाळुंगे-बालेवाडी, पुणे यांस,



सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं वळसंग पहाटे साडेपाचला कसं दिसतं, ते आधी सांगायला हवं. अंधार पुरता सरलेला नसतो. रस्त्याच्या कडेनं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात, त्यांच्यामागं थोडं अंतर ठेवून दोन-चार मुली. पोरांच्या डोक्यात १६०० मीटर, मुलींच्या डोक्यात ८००. पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीतले वीस गुण एकट्या या धावण्याचे, त्यामुळं प्रत्येक सेकंद मोजला जातो. हिवाळ्यात दोन्ही अंगाला ज्वारी कणसात आलेली असते आणि उसाच्या ट्रॉल्या धुरळा उडवत जातात. धावून थांबलेली पोरं गुडघ्यावर हात टेकून उभी राहतात आणि बोलणं एकाच गोष्टीवर येतं: दम कसा वाढवायचा?

याच बोलण्यात हल्ली पंपाचा विषय निघतो. पंप म्हणजे दमेकरी तोंडात धरून ओढतात तो इनहेलर. धावण्याआधी दोन फवारे मारले की छाती मोकळी होते आणि दम दुप्पट टिकतो, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं. त्यामागचा हिशेब वरवर पटण्यासारखा आहे. ज्याला चार पावलं चालवत नाहीत अशा म्हाताऱ्याला जे औषध उठवून बसवतं, ते विशीतल्या धडधाकट पोराला केवढं पळवेल!

हा हिशेब चुकीचा आहे. आणि ज्यांना हे औषध खरोखर लागतं, त्यांच्यापर्यंत ते योग्य रूपात पोचत नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या विभागाला मराठीत, गावोगावच्या मैदानांवर सांगता येतील, म्हणून हे पत्र.

मराठीनं एक घोळ आधीच करून ठेवलाय. टिकून धावण्याच्या ताकदीला आपण दम म्हणतो आणि श्वासाच्या आजाराला दमा. दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात, म्हणून दम्याचं औषध दमाचंही असेल असा समज सहज होतो. पण शरीरात या दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी घडतात. दम्यात श्वासनलिकांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो. पंपातलं साल्बुटामॉल त्या स्नायूंवरच्या बीटा-२ नावाच्या ग्राहकांना जाऊन चिकटतं आणि स्नायू सैल पडतात. नळी रुंद होते, शिट्टी थांबते. निरोगी माणसाची नळी मुळात मोकळीच असते. तिला आणखी मोकळं करून मिळणार काय?

शेतकऱ्याला हे चटकन कळेल. विहिरीवरची मोटार पाच एचपीची असेल आणि पाइप तिला पुरेसा असेल, तर त्याहून मोठा पाइप टाकून शेतात जास्त पाणी येत नाही. पाणी मोटारीच्या ताकदीवर ठरतं. धावणाऱ्याची मोटार म्हणजे हृदय. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, जीव तोडून धावणारा शंभर लिटरच्याही पुढं जातो, आणि तरी निरोगी फुप्फुसात जागा शिल्लक असते. फुप्फुसातून निघणारं रक्त प्राणवायूनं जवळपास भरलेलंच असतं. अडतं ते पुढं. हृदय एका मिनिटात किती रक्त ढकलतं आणि पायाचे स्नायू त्यातला किती प्राणवायू उचलतात, यावर दम ठरतो. पाइपात गाळ बसला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं गाळ काढावाच लागतो, आणि दमेकऱ्याला पंप त्यासाठीच दिलेला असतो.

हे केवळ तर्कानं मांडलेलं नाही. नेदरलँड्सच्या क्रीडावैद्यक डॉक्टर बाबेट प्लाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या विषयावरच्या २६ चाचण्या एकत्र करून तपासल्या. त्यांत ४०३ निरोगी माणसं होती. काहींना खरं औषध दिलेलं, काहींना नुसता फवारा. ओढून घेतलेल्या औषधानं ना प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली, ना दमेपर्यंत टिकण्याचा वेळ, ना सायकलच्या २० किलोमीटर शर्यतीतली वेळ सुधारली. नंतरच्या अभ्यासांतही लांब पल्ल्याच्या खेळांपुरता निष्कर्ष तोच राहिला. क्षणभर सगळी ताकद लावायच्या खेळांत, मोठ्या मात्रेत घेतल्यास थोडा फरक पडतो असे प्रयोग आहेत. म्हणून तर खेळाच्या नियमांत पंपाला पूर्ण मोकळीक नाही, मात्रेची मर्यादा आहे. पण १६०० मीटर, ५ किलोमीटर, अर्धमॅरेथॉन धावणाऱ्या निरोगी पोराला दोन फवाऱ्यांतून मिळणार काय, तर हाताला कंप आणि छातीत धडधड. ही धडधडच पुष्कळांना ‘अंगात करंट आला’ अशी वाटते.

दम कसा येतो याची उदाहरणं आपल्याच दुष्काळी पट्ट्यात आहेत. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याच शर्यतीचं रौप्यपदक आणलं. वर्षानुवर्षं धावून हृदयाचा कप्पा मोठा होतो, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाटतं. ते दोन फवाऱ्यांत होत नाही.

आता दुसरी बाजू. पत्राचं खरं कारण हीच आहे.

पहाटे धावणाऱ्या पोरांच्या घोळक्यात एक-दोन जण असे असतात की ज्यांना पंपाची खरोखर गरज आहे आणि त्यांच्याकडं तो नाही. ओळखायची खूण साधी आहे. निरोगी पोराची धाप थांबल्यावर दोन-चार मिनिटांत खाली येते. श्रमानं श्वासनलिका आवळणाऱ्याचं उलट होतं. धावताना तो बरा असतो, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत त्याचा त्रास वाढतो. कोरडा खोकला सुटतो, छाती जखडते, श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू येते. मित्र म्हणतात, स्टॅमिना कमी आहे. मास्तर म्हणतात, अजून दोन राउंड मार. मुलगी असेल तर घरचे म्हणतात, हिच्यानं होणार नाही. आणि एक चांगली धावपटू मैदान सोडते.

आपल्या भागात या त्रासाला निमित्तांची कमी नाही. नाकातोंडातून वेगानं आत गेलेली कोरडी, गार हवा श्वासनलिकेचं अस्तर सुकवते आणि स्नायू आवळायला सुरुवात होते; सोलापूरच्या हिवाळी पहाटा नेमक्या अशाच असतात. त्यात मळणीचा भुसा, जळत्या पाचटाचा धूर, रस्त्याच्या कडेला कमरेएवढं माजलेलं गाजरगवत. ज्याला परागांची ॲलर्जी आहे त्याला ते गवत पुरेसं आहे.

पंप हाताशी असूनही नाकारला जातो, ही त्याहून दुखरी गोष्ट. ‘एकदा पंप लागला की जन्माचा लागला’ हे वाक्य घराघरांत आहे. मुलीच्या बाबतीत तर तो पाहुण्यांपासून लपवायची वस्तू होतो. मृगाच्या मुहूर्ताला हैदराबादेत जिवंत माशाच्या तोंडातून दिलं जाणारं औषध घ्यायला महाराष्ट्रातूनही माणसं जातात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. श्वास अडकलेल्या लेकरापुढं आईबाप काय काय करतील! पण पंपाला नाही म्हणणारं तेच घर दम्याची गोळी आणि खोकल्याचं सिरप बिनघोर घेतं. गोळी साधी, सिरप त्याहून साधं, पंप मात्र कडक, असं मनात पक्कं बसलंय.

खेळाच्या नियमांत हे अगदी उलट आहे, आणि हीच गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीप्रमाणं साल्बुटामॉल पंपानं घ्यायला परवानगी आहे. त्यासाठी वेगळा अर्जही लागत नाही. मर्यादा २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि त्यातही कोणत्याही ८ तासांत ६०० पर्यंत. आपल्याकडच्या नेहमीच्या पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे दिवसाला १६ फवारे, आठ तासांत सहा. इतके कुणाला लागत असतील तर त्याला शर्यतीआधी डॉक्टर गाठायला हवा.

आता तीच मोजपट्टी गोळीला लावून पाहावी. साल्बुटामॉलची चार मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. चाळीस फवाऱ्यांइतकं औषध एका घोटात पोटात जातं आणि रक्तातून अंगभर फिरतं. निरोगी माणसाची ताकद आणि टिकाव गोळीनं वाढल्याचं काही छोट्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून साल्बुटामॉलची गोळी आणि सिरप खेळाडूला कायम बंद आहे, स्पर्धा असो वा नसो. टर्ब्युटालिन हे दुसरं औषध तर पंपातूनसुद्धा आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाही. आणि ते असतं कुठं? मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कितीतरी खोकल्याच्या सिरपांत. बाटली हातात घेऊन लेबल वाचलं तर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन अशा नावांशेजारी ते बसलेलं दिसतं. आठवीतल्या पोरानं ते कसं ओळखावं?

विरारहून मुंबईच्या संघापर्यंत पोचलेल्या पृथ्वी शॉलाही ते ओळखता आलं नाही. २०१८च्या ऑक्टोबरात राजकोटला कसोटी पदार्पणात शतक ठोकणारा हा मुलगा २२ फेब्रुवारी २०१९ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेसाठी इंदूरला होता. त्या दिवशी घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकला झाला म्हणून दुकानातून सिरप घेतलं, असं त्यानं सांगितलं. कामगिरी वाढवण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे बीसीसीआयनं मान्य केलं आणि तरीही आठ महिन्यांची बंदी घातली. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याच्याआधी बडोद्याचा युसूफ पठाण याच टर्ब्युटालिनमुळं, तेही खोकल्याच्या औषधातूनच, पाच महिने बाहेर बसला होता. ज्यांच्या संघाबरोबर डॉक्टर आणि फिजिओ असतात त्यांची ही गत. दक्षिण सोलापूर तालुक्यातून राज्य स्पर्धेला निघालेल्या मुलीला एसटीत खोकला लागला, तर तिला सांगायला कोण आहे?

मर्यादा ओलांडल्याच्या गोष्टी मोठमोठ्या नावांच्याही आहेत. सायकलपटू ख्रिस फ्रूम दमेकरी. २०१७ च्या स्पेनच्या शर्यतीत त्याच्या नमुन्यात साल्बुटामॉल ठरलेल्या पातळीच्या दुप्पट निघालं. नऊ-दहा महिने प्रकरण चाललं आणि जुलै २०१८ मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आलं. नॉर्वेचा स्कीपटू मार्टिन योन्सरूड सुंडबी याच्या बाबतीत मात्र निकाल वेगळा लागला. त्यानं हेच औषध पंपाऐवजी नेब्युलायझरनं घेतलं होतं. २०१६ साली त्याला दोन महिन्यांची बंदी सोसावी लागली आणि मिळवलेली विजेतेपदंही गमवावी लागली.

सुंडबीची गोष्ट वळसंगच्या मुलांनी नीट ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडं धाप लागलेल्या माणसाला दवाखान्यात नेलं की ‘मशीन लावतात’. ते नेब्युलायझरच. त्याच्या एका वेळच्या डोसात साधारणपणं अडीच मिलिग्रॅम, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम साल्बुटामॉल असतं. एकाच वेळी दिवसभराची मर्यादा पार. म्हणून श्वास अडकलेल्या खेळाडूनं मशीन नाकारायचं का? मुळीच नाही. जीव आधी. तातडीच्या उपचारासाठी मागाहून सूट मागण्याची सोय नियमांत आहे. दवाखान्याचा कागद जपून ठेवायचा आणि राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडं, नाडाकडं अर्ज करायचा. एवढी माहिती वेळेवर मिळाली तर एक मुलगा वाचेल आणि त्याची कारकीर्दही वाचेल.

वेळेवर कागद न झाल्याची किंमत किती मोठी असते, हे १९७२ साली म्युनिकला दिसलं. अमेरिकेचा सोळा वर्षांचा जलतरणपटू रिक डीमाँट ४०० मीटर फ्रीस्टाइल जिंकला. लहानपणापासूनच्या दम्यासाठी तो घेत असलेल्या गोळीत एफेड्रिन होतं. त्यानं ते आपल्या फॉर्मवर लिहून दिलं होतं, पण त्याच्या पथकाच्या डॉक्टरांनी पुढची परवानगी काढली नाही. सुवर्णपदक परत गेलं. मुलानं काही लपवलं नव्हतं.

दमेकऱ्यानं धावू नये, असा अर्थ यातून कुणी काढू नये. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांना वयाच्या चौदाव्या वर्षी दम्याचं निदान झालं. १३ एप्रिल २००३ रोजी लंडन मॅरेथॉन त्यांनी २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पूर्ण केली आणि तो जागतिक विक्रम ऑक्टोबर २०१९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. सगळ्या जगात त्यांच्यापुढं बाई नव्हती, आणि पंप त्यांच्याबरोबर होता.

पण पंप घ्यायचा म्हणजे नुसता आराम देणारा फवारा ओढत राहायचं, असंही नाही. दम्याच्या उपचारांची जागतिक दिशा ठरवणाऱ्या गिना या मंडळानं २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरांना एकट्या साल्बुटामॉलवर ठेवू नये असं सांगितलंय. आतली सूज उतरवणारं स्टिरॉइड पंपातून घ्यावं लागतं, आणि ते खेळाच्या नियमांत चालतं. पोटात घ्यायची स्टिरॉइडची गोळी मात्र स्पर्धेच्या काळात बंद. नाव एकच, वाट वेगळी, निकाल वेगळा. पालकांचा इथंच गोंधळ होतो आणि त्यांना दोष देता येत नाही.

आयुक्त महोदय, वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५६०६ नमुने तपासले गेले आणि त्यातले २१३ दोषी निघाले. शेकडा ३.८. या २१३ मध्ये मुद्दाम उत्तेजकं घेणारे पुष्कळ असतील आणि त्यांच्यावर दया दाखवा असं इथं कुणी म्हणत नाही. पण खोकल्याच्या बाटलीनं घात झालेला एखादा पोरगा त्यांच्याच रांगेत उभा राहतो आणि गावात त्याची ओळख ‘ड्रग्ज घेतलेला’ अशीच होते. तो कलंक शिक्षेचे महिने संपले तरी पुसला जात नाही.

शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत आपलाच विभाग भरवतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालची किती लेकरं त्या वाटेनं जातात! त्यांच्या हातात एक मराठी पान पडावं. पंप कोणता चालतो, गोळी आणि सिरप का चालत नाही, साल्बुटामॉल आणि टर्ब्युटालिन ही नावं बाटलीवर इंग्रजीत कशी दिसतात त्याचं चित्र, मशीन लावावं लागलं तर कोणता कागद ठेवायचा. निरोगी मुलानं धावण्याआधी पंप मारून काही मिळत नाही, हेही त्याच पानावर ठळक. सीमेवरच्या आमच्या गावांत कन्नड बोलणारी घरं बरीच. पाठीमागं तेच कन्नडमध्ये छापलं तर फार बरं.

दुसरी मागणी निदानाची. सोलापूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हंगामाआधी एक दिवस ठरवून धावणाऱ्या मुलांची श्वासतपासणी तिथं करता येईल: आधी नळीत जोरात फुंकायचं, मग सहा-आठ मिनिटं धावायचं, मग थोड्या थोड्या वेळानं पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दहा टक्के किंवा जास्त घटली, तर त्रास खरा आहे आणि उपचार सुरू करता येतो. तोवर प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर पीक फ्लो मीटर तरी असावं. प्लॅस्टिकची साधी नळी असते ती, आत एक काटा सरकतो, किंमतही फार नाही. क्रीडाशिक्षकाला ती वापरायला अर्ध्या तासात शिकवता येते. त्याच अर्ध्या तासात त्याला हेही सांगता येईल की पंधरा-वीस मिनिटं नीट अंग तापवून, मध्ये चार-सहा छोट्या दौडी मारून मग शर्यत धावली तर पुष्कळ मुलांचा त्रास कमी होतो, आणि गार पहाटे नाकातोंडावर रुमाल बांधलेला बरा.

तालुका स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. तीन हजार मीटर संपवून एखादी मुलगी मैदानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसते आणि दहा मिनिटांनीही तिचा खोकला थांबत नाही. सगळे विजेत्यांभोवती जमलेले असतात. तिच्याजवळ जाऊन ‘धावून थांबलीस की रोज असं होतं का गं?’ एवढं विचारणारा एक शिक्षक यंदाच्या स्पर्धेत प्रत्येक मैदानावर असावा, त्याच्या खिशात ते पान असावं, अशी आपणाला कळकळीची विनंती आहे.

कळावे,
वळसंगचा एक क्रीडाप्रेमी
मु. पो. वळसंग, ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर